गाजर गवताचा गुन्हा पाठीवर कसा सिद्ध झाला?

१/ पाऊस झाला की शेंद्र्याच्या रस्त्याकडेला बारीक पांढऱ्या फुलांचे गाजर गवत दाटते. कोणी त्यास काँग्रेस गवत म्हणते, कोणी चटकचांदणी. ॲलर्जीच्या निदानाचा एक महत्त्वाचा धडा महाराष्ट्राला याच गवताने दिला.

२/ मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती. पुण्यातील तिची नोंद १९५६ मध्ये रोल्ला शेषगिरी राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. अमेरिकी गव्हासोबत तिचे बी आले, ही समजूत रूढ आहे. सर्व अभ्यासकांना ती मान्य नाही.

३/ पुढे त्वचेचा एक चिवट विकार दिसू लागला. पापण्या, मान, कोपराची खोबण लाल होई, असह्य खाज सुटे, कालांतराने कातडी जाड व काळसर पडे. गवत उपटणाऱ्यालाच नव्हे, तर त्यास हातही न लावणाऱ्यालाही हा त्रास होई. कारण वाळलेल्या गवताचे कण वाऱ्यावर उडतात. १९६८ मध्ये लोणकर व जोग यांनी अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली.

४/ पण दोषी गवतच कशावरून? ऊन, धूळ, साबण, खते असे संशयित अनेक होते. पुरावा हवा होता.

५/ तो देणारी पद्धत जुनी होती. १८९५ मध्ये योसेफ याडासोन यांनी संशयित पदार्थ थेट त्वचेवर लावून पाहिला. हीच पॅच टेस्ट. वनस्पतीचा अर्क पाठीवर चिकटवायचा, ४८ तासांनी काढायचा, पुढेही एक-दोन दिवस जागा पाहायची. लाली, फोड उमटले की संशय बळावतो.

६/ मग रक्त का तपासले नाही? शेंगदाणा वा मधमाशीच्या दंशाने काही मिनिटांत जीव धोक्यात आणणारी ॲलर्जी बहुधा आयजीई या प्रतिपिंडामुळे होते. त्याचा शोध १९६६-६७ मध्ये इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनच्या योहान्सन व बेनिश यांनी लावला. तेथे रक्ततपासणी उपयोगी पडते. गाजर गवताचा त्वचारोग मात्र मुख्यतः टी पेशींचा, दिवसांच्या गतीने उमटणारा. त्याची साक्ष त्वचाच देते.

७/ १९७४ मध्ये लोणकर, मिचेल व कॅलनन यांनी या त्वचारोगावर शोधनिबंध लिहिला. पार्थेनिन हे या वनस्पतीतील रसायन प्रमुख कारण म्हणून ओळखले गेले.

८/ परीक्षेने रुग्णाला कारण सांगितले. मुख्य उपाय मात्र ‘गवतापासून दूर राहा’ हाच. ज्याची भाकरीच शेतात आहे, त्याने जावे कोठे? निदान पाठीवर उमटले. गवत बांधावर तसेच उभे राहिले.