अँटिबॉडीची बाटली उघडण्याआधी : परळचा एक जुना धडा

आमच्या कुंभार पिंपळगावकडे (ता. घनसावंगी, जि. जालना) रानात कुणाला घोणस चावली, की लोक म्हणतात, "आधी लस टोचा!" खरं तर ती लस नसतेच. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेल्या त्या आयत्या अँटिबॉडीज असतात.

आता गंमत बघा. घोणशीच्या विषात फॉस्फोलायपेज ए२ नावाचं एन्झाइम असतं. ते पेशीच्या आवरणातला स्निग्ध पदार्थ तोडतं. याच घराण्यातली एन्झाइम्स आपल्या शरीरातही आहेत. एक स्वादुपिंडाच्या रसात अन्नातली चरबी पचवायला मदत करतं, तर दुसरं सुजलेल्या सांध्यात सापडतं. ही मानवी एन्झाइम्स शोधायला आपण लॅबमध्ये सशाची किंवा उंदराची अँटिबॉडी विकत घेतो. म्हणजे गावातलं इंजेक्शन आणि लॅबमधली बाटली, दोन्हींचं मूळ एकच.

हे मूळ 1890 सालचं. बेहरिंग आणि कितासातो यांनी तेव्हा दाखवलं, की धनुर्वाताच्या विषाविरुद्ध तयार झालेलं संरक्षण रक्तद्रवातून दुसऱ्या प्राण्याला देता येतं. पुढे कालमेट यांनी मुख्यतः नागाच्या विषावर सर्पदंशाचं सिरम बनवलं आणि ते इतर सापांवरही चालेल असं मांडलं.

इथे मुंबई येते. हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा 1899 मध्ये परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था. तिथले जॉर्ज लॅम्ब यांनी हा दावा जसाच्या तसा मान्य केला नाही, तपासून पाहिला. नागाच्या विषावर चालणारं ते सिरम घोणशीच्या विषापुढे निकामी ठरलं! आज आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर बनवतात, त्यामागे हाच धडा आहे.

1975 मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याच्या अँटिबॉडीज बनवायची रीत दिली. तरी लॅम्ब यांचा प्रश्न जुना झालेला नाही: ही नेमकी कुणाला ओळखते?

म्हणून पीएचडीला येणाऱ्यांनो, लेबलवर 'फॉस्फोलायपेज ए२' लिहिलंय एवढ्यावर थांबू नका. हे घराणं मोठं आहे, भावंडं सारखी दिसतात. ज्या पेशींतून ते जनुक काढून टाकलंय, त्यांचाही नमुना शेजारच्या रकान्यात चालवा. तिथेही पट्टा दिसला, तर तुमची अँटिबॉडी भलत्यालाच ओळखतेय. लॅबमध्ये त्याने तुमची दोन वर्षं जातील. आमच्या रानात अशा चुकीने माणूस जातो.