पुण्यात काय कमी आहे?

"आत्या, निबंध पाठवलाय. उद्यापर्यंत वाचून दे ना, प्लीज!" परवा रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज आला. आता आत्याला नाही म्हणायची सोय नसते. चष्मा शोधला आणि बसले वाचत.

तिचं झालंय असं, की ती इथल्याच एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिसऱ्या वर्षाला तिला अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात जायचंय. बारावीनंतर जाणं वेगळं आणि असं अर्ध्यातून उठून जाणं वेगळं. एका पंगतीतून उठून दुसऱ्या पंगतीत पान मांडून मागण्यासारखं आहे ते! शिवाय त्या पंगतीत जागा मोजक्याच. काही ठिकाणी म्हणे हजारभर अर्जांतून पंधरा-वीस जणांना घेतात. गुणपत्रिका, दोन प्राध्यापकांची पत्रं, कॉलेजचे सही-शिक्के हे सगळं झाल्यावर शेवटी एक निबंध. प्रश्न साधाच आहे. आत्ताची जागा का सोडायची आहे?

बाईसाहेबांनी दोन पानं भरून कॉलेजची उणीदुणी काढली होती. वाचताना आधी हसू आलं, आणि मग कानात आमच्या अण्णांचं वाक्य वाजलं, "पुण्यात काय कमी आहे?"

त्या वाक्याकडे नंतर येते. आधी एक गोष्ट सांगते. दुसऱ्या दिवशी भाचीला फोनवर सांगितली तीच.

पुण्यातलं कॉलेज पुरेनासं झालं म्हणून बाहेरच्या मोठ्या विद्यापीठाचं दार वाजवणारी माणसं काही आजची नाहीत. सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे रँग्लर परांजपे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, जन्म १८७६, गाव दापोली तालुक्यातलं मुर्डी. नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांनी, म्हणजे आपल्या महर्षी कर्व्यांनी, या हुशार पोराच्या शिक्षणाची काळजी वाहिली. कर्वे १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. रघुनाथही फर्ग्युसनमध्ये शिकला, १८९४ साली बी.एस्सी. झाला. मग भारत सरकारची विलायतेची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९६ साली तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. (गंमत बघा, त्याच १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची संस्था सुरू केली. एकाच गोतावळ्यात काय काय चाललं होतं!)

ती वर्षं पुण्याला फार वाईट गेली. १८९७ चा प्लेग, रँडचा खून, टिळकांना तुरुंगवास. १८९९ च्या मे महिन्यात चापेकर बंधूंपैकी धाकट्या दोघांना येरवड्याला फाशी झाली. आणि त्याच वर्षी केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत परांजपे पहिले आले. सीनियर रँग्लर! आणखी एका विद्यार्थ्याबरोबर जोडून पहिले, पण पहिलेच. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्या काळवंडलेल्या पुण्याला ही बातमी कशी लागली असेल याची कल्पना करून बघा.

ते तिथे राहिले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पण परत येऊन फर्ग्युसनमध्येच शिकवायचं हे ठरलेलं होतं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याचा पगार दरमहा ७५ रुपये, त्यात ते आले. १९०२ साली प्राचार्य झाले आणि पुढची वीसेक वर्षं राहिले. फर्ग्युसन सोडून गेलेला माणूस फर्ग्युसनच मोठं करायला परत आला. आमच्या घरी लहानपणी ही गोष्ट अण्णा नेहमी सांगायचे. सगळ्यांच्याच घरी सांगत असणार.

पण त्याच शिष्यवृत्तीची एक आधीची गोष्ट आहे. ती आमच्या घरी कोणी कधीच सांगितली नाही. मला ती पन्नाशीत वाचायला मिळाली.

आठ-नऊ वर्षं मागे जाऊ. मुक्काम डेक्कन कॉलेज. (भाचीला वाटलं डेक्कन जिमखान्यावर. अगं, ते नाही, येरवड्याकडचं! टिळक जिथे शिकले ते.) तिथे मुलांच्या गर्दीत एकच मुलगी शिकत होती. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६, नाशिकचा. वडील पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले पाद्री, आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढलेली. वर्गातली मुलं म्हणे ती यायच्या आत दार लावून घ्यायची. ती शिकत होती त्याच काळात, फेब्रुवारी १८८७ मध्ये, याच पुण्यात आनंदीबाई जोशी वारल्या. अमेरिकेहून डॉक्टर होऊन आलेल्या, वय अवघं एकवीस. बाहेर शिकायला गेलेल्या मुलीचं काय होतं, याचा लोकांनी काय अर्थ लावला असेल ते सांगायला नको.

तरी कॉर्नेलिया पदवीपरीक्षेत कॉलेजात पहिली आली. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. या क्रमांकावर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती तिच्या हक्काची होती. मिळाली नाही. कारण एकच, ती मुलगी होती. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात मुलगी पहिली येईल हेच कधी आलेलं नव्हतं.

मग ती अहमदाबादला गेली आणि गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवू लागली, तेही मुलग्यांना! तिकडे इंग्लंडमध्ये तिच्या बाजूच्या लोकांनी गप्प बसायचं नाही ठरवलं. लेडी मेरी हॉबहाउस यांनी पुढाकार घेतला, वर्गणी जमवली. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, आपले वेडरबर्न साहेबही होते. त्या पैशांवर १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये पोचली आणि कायदा शिकू लागली. १८९२ मध्ये बी.सी.एल.ची परीक्षा आली तेव्हा पुन्हा तोच प्रश्न, बाईला परीक्षेला कसं बसवायचं? शेवटी विद्यापीठाने खास ठराव करून तिला इतरांबरोबर बसू दिलं. ती परीक्षा देणारी पहिली स्त्री.

पास झाली. पण पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड बायकांना पदवी देतच नव्हतं. परीक्षा द्या, पास व्हा, घरी जा. ऑक्सफर्डने बायकांना पदवी द्यायला १९२० साली सुरुवात केली आणि कॉर्नेलियाच्या हाती ती पडली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी! केंब्रिजही काही वेगळं नव्हतं. परांजप्यांच्या नऊ वर्षं आधी, १८९० साली, फिलिपा फॉसेट नावाच्या मुलीला तिथे गणितात सीनियर रँग्लरपेक्षा जास्त गुण पडले. पण ती सीनियर रँग्लर नाही, कारण मुलींना क्रमांकच नव्हता. केंब्रिजला मुलींना पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं.

मधली तीस वर्षं कॉर्नेलिया बसून राहिली नाही. परत येऊन मुंबईची एलएल.बी. केली, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली, तरी कोर्टात उभं राहता येईना. १९०४ पासून ती बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सची सल्लागार झाली. पडद्यातल्या, इस्टेटी असून हातात काही नसलेल्या शेकडो बायकांची कामं तिने केली. स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला. तेव्हा तिचं वय सत्तावन्नच्या घरात. राजकारणात ती इंग्रजांच्या बाजूची, गांधीजींची टीकाकार. मला ते पटत नाही. तिच्या गोष्टी आपल्याकडे सांगत नाहीत त्याचं एक कारण तेही असेल. पण मग सांगताना निदान हे तरी सांगावं, की पुण्यातली दोन मुलं, दोघंही पहिली आलेली, शिष्यवृत्ती तीच. एकाला मिळाली आणि एकीला नाही. परांजप्यांची हुशारी याने तसूभर कमी होत नाही. फक्त हुशारीच्या जोरावर दार उघडतं हे अर्धंच खरं, हे कळतं.

आता अण्णांचं वाक्य. १९८६ साली बी.एस्सी. झाल्यावर मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत माझं एम.एस्सी.साठी नाव लागलं होतं. पोस्टाने पत्र आलं होतं, ते मी दोनदा उशाशी घेऊन झोपले. अण्णा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. पत्र वाचून घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "पुण्यात काय कमी आहे?" मी बँकेची परीक्षा दिली. तीन वर्षांनी धाकट्या भावाचं नाव बाहेरगावी लागलं, तेव्हा अण्णा स्वतः लक्ष्मी रोडवरून त्याच्यासाठी ट्रंक घेऊन आले. तेव्हा पुण्यात काहीतरी कमी पडलं होतं बहुतेक.

भाऊ हे वाचणार आहे, म्हणून इथेच सांगते, की त्याच्यावर माझा राग नाही. ट्रंकेत लाडूचा डबा मीच ठेवला होता. पण गेल्या महिन्यात त्याच्याच तोंडून लेकीला "पुण्यात काय कमी आहे गं?" ऐकलं, आणि मला भाजी चिरायची थांबवावी लागली. तो काळजीपोटी म्हणतो, ठाऊक आहे. अण्णाही काळजीपोटीच म्हणाले होते.

असो. भाचीला मी निबंधातली उणीदुणी सगळी काढायला सांगितली. म्हटलं, परांजपे फर्ग्युसन वाईट म्हणून गेले नाहीत. कॉर्नेलियाला तर डेक्कन कॉलेजात दारं आपटून घेतलेली, तरी ती पहिली तिथूनच आली. इथे काय शिकलीस आणि पुढचं कुठलं शिकणं इथे होत नाही, एवढंच लिही. तिने लिहिलं. आधीच्यापेक्षा निम्मं आणि दुप्पट चांगलं.

अर्जात एक रकाना असतो, खर्च कोण उचलणार. तिथे वडिलांच्या नावाखाली थोडी जागा होती. माझ्या फंडाचे पैसे येऊन पडलेत, काही मोठी रक्कम नाही. मी भावाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "ताई, तुझं ते मुंबईचं पत्र अजून आहे का गं?"

आहे.

अर्ज गेलाय. निकाल मे महिन्यात. काय होतं ते इथे लिहीनच.