गिरणीतल्या बाया, सदाफुली आणि केमोची सलाईन



आम्ही सहयोगिनी गटांच्या बैठकींना जातो, तेव्हा कर्करोगाचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही. 'तिला ते झालंय' एवढंच म्हणतात. आणि केमो लावणार असं कळलं, की हळूच ऐकू येतं, 'रोगाने नाही तर औषधानेच जाईल बिचारी.' हे बोलणं अगदीच हवेतलं नाही. केमोचं औषध खरोखर विषाच्या पोटी जन्मलं. पण त्या जन्माच्या कथेत आपल्या मुंबईच्या गिरणीतल्या बायाही आहेत, आणि आपल्या दारातली सदाफुलीही आहे. आज ती सगळी कथा सांगतो.

पहिल्या महायुद्धात १९१७ साली मस्टर्ड गॅस नावाचा विषारी वायू सैनिकांवर सोडला गेला. अंगाला फोड आले, डोळे गेले, माणसं मेली. जे वाचले त्यांचं रक्त डॉक्टरांनी तपासलं, तर पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन या दोघांनी विचार केला, की ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तिथे हेच विष थोडं थोडं दिलं तर? १९४२ मध्ये गळ्याला मोठ्या गाठी आलेल्या एका रुग्णाला त्या जातीचं औषध शिरेतून दिलं. गाठी विरघळल्या. काही आठवड्यांनी परत आल्या आणि रुग्ण वाचला नाही. पण औषधाने गाठ विरघळू शकते हे जगाने पहिल्यांदा पाहिलं. युद्धाचं गुपित म्हणून ही गोष्ट १९४६ पर्यंत बाहेर आली नाही.

आता मुंबईकडे येऊ. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बाया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या, कित्येक दगावत होत्या. असं का होतं ते शोधायचं तिचं काम होतं. आधी वाटलं जंतू असतील. पण तिने बायांच्या ताटात काय पडतं ते पाहिलं. भाजी नाही, फळ नाही, पोटाला पुरेसं नाहीच. मग तिने यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त लगदा बायांना चारून पाहिला. रक्त भराभर सुधारलं. १९३१ मध्ये तिने हे छापून जगाला सांगितलं. त्या लगद्यात नक्की काय होतं ते दहा वर्षांनी कळलं. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालक आटवून त्यातून तो पदार्थ काढला आणि पानावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव दिलं. मैत्रिणींनो, अंगणवाडीताई गरोदरपणात लोहाची जी गोळी देतात, तिच्यात हेच फॉलिक ॲसिड असतं. त्या गोळीच्या मुळाशी गिरणीतल्या बायांचं रक्त आहे.

पण याचा केमोशी काय संबंध? आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत एका औषध कंपनीत संशोधन करत होते. पेशी वाढायला फॉलिक ॲसिड लागतं. म्हणून बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी आधी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिडच देऊन पाहिलं, तर रोग आणखी जोरात वाढला. मग उलटा विचार आला, की दिल्याने वाढतो तर तोडल्याने थांबेल. सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक ॲसिडसारखेच दिसणारे पण काम न करणारे पदार्थ बनवले. आपल्याकडे बोगस बियाणं असतं ना, दिसायला बी, पण पेरलं तर उगवत नाही, तसंच. पेशी ते घेते आणि तिची वाढ खुंटते. फार्बर यांनी ते औषध १६ मुलांना दिलं, त्यातल्या १० मुलांना बरं वाटू लागलं. जून १९४८ मध्ये हे छापून आलं. आराम तात्पुरता होता, पण त्याआधी त्या आजारात औषध म्हणून हातात काहीच नव्हतं. दोन महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये सुब्बाराव वारले. त्यांच्या गटाच्या कामातून आलेलं मेथोट्रेक्सेट आजही वापरतात. म्हणूनच सांगतो, केमो चालू असताना घरातली फॉलिकची गोळी 'ताकदीची आहे' म्हणून मनाने घेऊ नका. डॉक्टरांना विचारून घ्या.

यानंतरची गोष्ट प्रत्येक गटाने लक्षात ठेवावी अशी आहे. वारेचा एक कर्करोग असतो, कधी द्राक्षगर्भानंतर होतो. तरण्याताठ्या बाया त्यात जायच्या. अमेरिकेतल्या सरकारी संस्थेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ या डॉक्टरांनी १९५६ मध्ये अशा बायांना मेथोट्रेक्सेट दिलं. फुप्फुसातल्या गाठी दिसेनाशा झाल्या. पण ली लघवीतला एक घटक तपासत होते आणि तो अजून सापडत होता. त्यांनी ओळखलं, की गाठ दिसत नाही, पण रोग कुठेतरी दडलाय. म्हणून त्यांनी औषध चालूच ठेवलं. वरिष्ठांना वाटलं, गाठ गेली, आता उगाच विष कशाला? ली यांना ती नोकरी सोडावी लागली. नंतर पाहिलं, तर ज्यांचं औषध लवकर थांबवलं त्यांचा रोग परतला, आणि ज्यांचं पुढे चालू ठेवलं त्या बऱ्याच राहिल्या.

मैत्रिणींनो, 'गाठ काढली, आता बरं वाटतंय, मग आणखी चार सलाईन कशाला?' हा प्रश्न आमच्या गटांत दर वेळी येतो. त्याचं उत्तर हे आहे. इटलीत मिलानला डॉ. बोनाडोना यांनी स्तनाच्या ऑपरेशननंतर तीन औषधांची केमो देऊन पाहिली. त्यातलं एक मेथोट्रेक्सेटच. १९७६ मध्ये त्यांनी दाखवलं, की केमो घेतलेल्या बायांचा रोग कमी प्रमाणात परतला. पुढे हेही दिसलं, की ज्यांना ठरलेला डोस जवळजवळ पूर्ण मिळाला त्यांना फायदा जास्त झाला. अर्धवट निंदलेल्या रानात गवत परत माजतं, तसंच हे.

आता सदाफुली. कॅनडात १९५० च्या दशकात तिचा पाला मधुमेहावर चालतो का ते पाहत होते. साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधं निघाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिन आजही देतात. मात्र हे ऐकून कुणी दारची पानं चावू नका. कारखान्यात ते मोजून, गाळून, शुद्ध करून घेतात. तसाच पाला खाल्ला तर ते विषच.

विष म्हटलं की त्रास आलाच. तो का होतो ते समजलं की भीती निम्मी होते. कर्करोगाची पेशी भराभर वाढते, म्हणून औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. पण केसांची मुळं, तोंडाची आणि आतड्याची आतली कातडी, हाडांतलं रक्त बनवणारं मगज, हेही भराभर वाढतात. तण मारायचं औषध पिकालाही थोडं लागतं, तसं. पीक परत उभं राहतं, म्हणून दोन डोसांच्या मध्ये काही दिवस सोडतात.

पूर्वी उलट्या इतक्या व्हायच्या, की दवाखान्याचं नाव काढलं तरी मळमळायचं. कित्येकांनी त्यापायीच उपचार सोडले. १९९१ मध्ये अमेरिकेत ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीचं नवं औषध बाजारात आलं आणि हे चित्र पालटलं. त्याच वर्षी पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शनही आलं. आज ही दोन्ही आपल्याकडे मिळतात. म्हणून उलटी सोसत बसू नका. उलटी व्हायच्या आधीच गोळी घ्यायची असते. बाईने दुखणं सोसायचं ही आपली सवय इथे घात करते.

ताप मात्र सोसायचाच नाही. डोसनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी सर्वात कमी असतात. तेव्हा ताप १००.४ च्या वर गेला, तर घरी गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा. तोंड आलं तर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने चुळा भरा, तिखट बंद करा. मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीची पेज, नीट शिजवलेलं आणि ताजं खा.

आणि केस. ते दोन-तीन आठवड्यांत हाताला गुंत्याने येऊ लागतात. आपल्या समाजात बाईचं मुंडण म्हणजे काय होतं, ते आजीच्या पिढीला ठाऊक आहे. नवरा मेला की केस काढायचे. म्हणून आजही डोकं उघडं पडलं की बाईला वाटतं, आपण अशुभ झालो. आमच्या एका गटातली ताई चौथ्या डोसला गेलीच नाही. कारण विचारलं तर म्हणाली, पुतणीच्या हळदीला मला कुणी कुंकू लावलं नाही. उलटी नाही, पैसा नाही, तिला हे लागलं होतं. पुढच्या बैठकीत बायांनी तिला मध्ये बसवलं, हळदीकुंकू लावलं. मग दोघी तिच्यासोबत दवाखान्यात गेल्या. राहिलेले डोस पुरे झाले. केस हे औषधाने जातात आणि बहुतेक वेळा औषध संपल्यावर परत येतात. त्यात शुभ-अशुभ काही नाही. हा रोग स्पर्शाने होत नाही, ताट वेगळं करायचं कारण नाही.

गटाला करता येईल असं बरंच आहे. डोसच्या तारखा गटाच्या वहीत लिहा. सोबत जाणारीची पाळी लावा. त्या आठवड्यात तिचा हप्ता पुढे ढकला. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. सावकाराकडे जाण्याआधी हे करा. रेल्वेत आणि एस.टी.त कर्करोगाच्या रुग्णाला सवलत आहे, त्यासाठी दवाखान्याचा दाखला मागून घ्या.

मैत्रिणींनो, ल्युसी विल्सने ज्या बायांचं रक्त तपासलं त्यांची नावं पुस्तकात नाहीत. त्यांना ना केमो माहीत होती, ना आपलं रक्त कुठे कामी येणार ते. या बैठकीत एवढंच विचारा, आपल्या गावात कुणाचे डोस अर्धे राहिलेत का? असतील, तर उद्याच तिच्या दारी जा.