एकाच वर्गातील वेगवेगळी मुले : जालना जिल्ह्यातील शाळा आणि तंत्रज्ञान

जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके मिळून जालना जिल्हा बनतो. यांतल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या वर्गाचा विचार करा. एका मुलाचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. तांड्यावरून येणाऱ्या मुलीच्या घरी गोरबोली बोलली जाते. एकाला फळ्यावरचे दिसत नाही, एकीला बाईंचे अर्धेच ऐकू येते. आणखी एक जण तोंडी सगळे सांगतो, पण वाचताना अडखळतो म्हणून 'ढ' ठरतो.

अनेक गावांत लोकवर्गणीतून शाळेला टीव्ही किंवा प्रोजेक्टर मिळाला आणि 'डिजिटल शाळा' अशी पाटी लागली. गावाने केलेली ही मदत मोलाचीच आहे. पण पडद्यावरचा धडा सगळ्यांसाठी एकच असतो आणि ज्याची अडचण वेगळी, तो मूल मागच्या बाकावरच राहते. म्हणून आमचे म्हणणे असे, की आधी मुलाची अडचण ओळखावी, मग साधन निवडावे.

कायद्याने दिलेला हक्क

शिक्षण हक्क कायदा २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. त्यांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही आल्या. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानेही दिव्यांगांसाठी पुस्तकाचे ब्रेल किंवा बोलके रूप करण्याची मुभा दिली. म्हणजे शाळेकडे सोय मागणे ही विनवणी नव्हे.

कोणत्या अडचणीला कोणते साधन

*दिसण्याची अडचण :* अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'टॉकबॅक' असते. ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते. संगणकासाठी 'एनव्हीडीए' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तके मिळतात. इथे एक चूक सर्रास होते. गृहपाठ वहीत लिहून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, तर टॉकबॅकला तो नीट वाचता येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूरही वाचता येत नाही. तोच गृहपाठ युनिकोड मराठीत टाइप केला, तर पैसा न खर्चता मुलाचा प्रश्न सुटतो.

*ऐकण्याची अडचण :* दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तयार केलेल्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले. त्याचे व्हिडिओ मोफत पाहता येतात. बोललेले लगेच अक्षरांत दाखवणारी ॲप मराठीतही चालतात, मात्र गोंगाटात चुकतात. शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून न बोलणे हा उपाय कोणत्याही ॲपइतकाच महत्त्वाचा आहे.

*वाचनाची अडचण :* ऐकत ऐकत त्याच ओळीवर बोट फिरवल्याने अडखळणाऱ्या मुलाला आधार मिळतो. गूगलचे 'रीड अलाँग' मुलाचे वाचन ऐकून मदत करते. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर पातळीनुसार मराठी गोष्टी मोफत आहेत.

*घरची भाषा वेगळी :* इथे फोनचा रेकॉर्डर पुरतो. आजीने गोरबोलीत सांगितलेली गोष्ट वर्गात ऐकवा, मुलांना तिचे चित्र काढू द्या, मग तीच मराठीत लिहायला लावा. आपली भाषा वर्गात ऐकू आली की मूल बोलू लागते.

*स्थलांतर :* हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी पत्रक या सोयी मुळात याच मुलांसाठी आहेत. पत्रक दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत शिकणे सुरू ठेवता येते. त्याला जोड पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडची. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांत क्यूआर कोड वापरले आणि त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. कोडमागचे साहित्य 'दीक्षा' ॲपवर असते. ते आधी डाउनलोड केले, तर नेट नसतानाही चालते. म्हणून गाडी निघण्याआधीच धडे फोनमध्ये भरून द्यायला हवेत.

यंत्र कुठे अपुरे पडते

घरातला एकुलता फोन दिवसभर वडिलांबरोबर फडात असतो. संध्याकाळी तो आधी भावाच्या हातात जातो, मग बहिणीच्या. शाळेत वीज नसेल, तर टीव्ही कपाटासारखा उभा राहतो. आणि ब्रेल लिपी, सांकेतिक भाषा किंवा विशेष शिक्षक यांची जागा कोणतेही ॲप घेऊ शकत नाही. 'टॅब दिला' म्हणून शिक्षकाची जागा रिकामी ठेवली जात असेल, तर तरुणांनी त्याविरुद्ध बोललेच पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, वंचित घटकांच्या पालकांनाही प्रमाणात जागा असावी, असे कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडाही हीच समिती करते. आपल्या वस्तीतील पालक तिथे आहेत का, हे पाहा. कोणत्या मुलाला कोणती अडचण आहे, हे शिक्षकांसोबत बसून समजून घ्या. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड काढायला पालकांना मदत करा. विहारातल्या अभ्यासिकेत एक-दोन जुने फोन, इअरफोन आणि आधीच डाउनलोड केलेले धडे ठेवा. रोज एक तास मुलींसाठी राखून ठेवा.

एक पथ्य मात्र पाळा. मुलाचा फोटो आणि त्याचे दिव्यांगत्व ग्रुपवर टाकू नका. मदतीची जाहिरात झाली की मूल शाळेत यायला लाजते.

ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी आपल्या गावातील किती मुले जाणार, हे शाळेत जाऊन विचारा. त्यांची हमी पत्रके तयार आहेत का आणि फोनमध्ये धडे भरलेत का, एवढे पाहिले तरी या वर्षी काही मुले शाळेशी जोडलेली राहतील.