चंदेरी पत्र्याच्या आत

भाच्याने टेक्सासात १९६८ सालची एअरस्ट्रीम घेतलीय! (गाडीमागे ओढायचं ॲल्युमिनियमचं घर हो.) आता आतलं सगळं, अगदी जुनी कपाटंसुद्धा, उपटून 'मॉडर्न' करणार म्हणतो.

मला विचाराल तर हिचा खरा इतिहास पत्र्यात नाही, आत आहे. वॉली बायमने १९३६ साली 'क्लिपर' काढली तेव्हाच तिच्यात चौघांची झोपायची सोय, पाणी, विजेचे दिवे होते. १९६९ साली तर चंद्रावरचे जंतू पसरतील या भीतीने आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन, कॉलिन्स यांना नासाने कोंडलं, ते अशाच एका बदललेल्या एअरस्ट्रीममध्ये! राष्ट्राध्यक्ष निक्सन खिडकीबाहेरून बोलले.

गळतीने प्लायवूडची जमीन कुजलीय, ती बदलायलाच हवी. पण फोनवर म्हटलं, "अरे, कपाटं तेवढी राहू दे."

"बघतो मामा," म्हणाला.