लाळेतील संप्रेरक चाचणी

लाळेतील संप्रेरक चाचणी म्हणजे लाळेच्या नमुन्यातील संप्रेरकांचे प्रमाण मोजून अंतःस्रावी ग्रंथींच्या कार्याचा अंदाज घेण्याची पद्धत होय. सुई न टोचता, घरच्या घरी आणि ठरावीक वेळी नमुना घेता येणे हे तिचे वैशिष्ट्य आहे. कुशिंग सिंड्रोमच्या निदानासाठी रात्री उशिरा घेतलेल्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजणे हा तिचा सर्वाधिक प्रस्थापित वैद्यकीय उपयोग आहे. इतर बहुतेक संप्रेरकांसाठी रक्तचाचणीच प्रमाण मानली जाते.

तत्त्व

कॉर्टिसॉल हे अधिवृक्क ग्रंथींत तयार होणारे स्टेरॉइड संप्रेरक आहे. रक्तातील कॉर्टिसॉलपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांशी बांधलेला असतो. उरलेला मुक्त भागच पेशींवर परिणाम करतो. स्टेरॉइड मेदात विरघळत असल्याने हा मुक्त भाग लाळग्रंथींच्या पेशींतून सहज लाळेत उतरतो. लाळ कमी सुटली किंवा जास्त, तरी कॉर्टिसॉलच्या तीव्रतेत फारसा फरक पडत नाही. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तातील बंधक प्रथिन वाढून एकूण कॉर्टिसॉल जास्त दिसते. लाळेतील मोजणीवर हा परिणाम तुलनेने कमी असतो.

तथापि, लाळ ही रक्ताची हुबेहूब प्रत नव्हे. लाळग्रंथींतील एक विकर कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते. त्यामुळे लाळेत कॉर्टिसॉलपेक्षा कॉर्टिसोन अधिक आढळते.

इतिहास

लाळेतील संप्रेरकांचे प्रमाण अत्यल्प असल्याने अतिसंवेदनशील मापनतंत्राविना त्यांची नियमित मोजणी शक्य नव्हती. रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेल्या रेडिओइम्युनोअसे तंत्राने ही अडचण दूर झाली. या कार्यासाठी यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे मानसिक ताणाच्या संशोधनातही लाळेतील कॉर्टिसॉलचा मोठ्या प्रमाणावर वापर होऊ लागला.

कुशिंग सिंड्रोमच्या निदानातील उपयोग

निरोगी व्यक्तीत कॉर्टिसॉल जाग आल्यानंतर ३० ते ४५ मिनिटांत उच्चांक गाठते व मध्यरात्रीच्या सुमारास नीचांकावर येते. अमेरिकी शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांचे नाव लाभलेल्या या विकारात शरीरातील कॉर्टिसॉल दीर्घकाळ वाढलेले राहते आणि रात्रीची ही घट नाहीशी होते. वजनवाढ, उच्च रक्तदाब, मधुमेह ही त्याची लक्षणे इतरत्रही सर्रास आढळत असल्याने निदानास अनेकदा विलंब होतो.

एंडोक्राइन सोसायटी या संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही चाचणी, २४ तासांच्या लघवीतील मुक्त कॉर्टिसॉल आणि डेक्सामेथासोन चाचणी यांचा प्राथमिक चाचण्यांत समावेश आहे. तत्पूर्वी रुग्ण गोळ्या, इंजेक्शन, मलम वा श्वासावाटे स्टेरॉइड औषधे घेत नाही ना, याची खात्री केली जाते.

नमुना घेण्याची पद्धत

नमुना साधारणतः रात्री ११ ते १२ दरम्यान, किमान दोन वेगवेगळ्या रात्री घेतला जातो. कापसाची लहान गुंडाळी एक ते दोन मिनिटे तोंडात धरून नळीत ठेवतात, किंवा लाळ थेट नळीत ओघळू देतात. लैंगिक संप्रेरके मोजताना कापसामुळे निष्कर्ष बिघडू शकतो; म्हणून दुसरी पद्धत वापरली जाते. नमुन्याच्या लगेच आधी खाणे व दात घासणे टाळावे लागते, कारण हिरड्यांतून आलेले रक्त लाळेत मिसळल्यास आकडा वाढतो.

मर्यादा

ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिक आम्ल लाळग्रंथींतील वर उल्लेखिलेल्या विकराला रोखते. त्यामुळे ज्येष्ठमध चघळणाऱ्यांत कॉर्टिसॉल खोटेच वाढलेले दिसू शकते. तंबाखू चघळणे व धूम्रपान यांमुळेही असे घडते. हायड्रोकॉर्टिसोनचे मलम बोटांना लागलेले असल्यास नमुना दूषित होतो. रात्रपाळी करणाऱ्यांत कॉर्टिसॉलचे दैनिक चक्र बदललेले असल्याने ही चाचणी उपयुक्त ठरत नाही. काही प्रतिपिंड-आधारित चाचण्या कॉर्टिसोनलाही कॉर्टिसॉल समजतात. मास स्पेक्ट्रोमेट्री अधिक काटेकोर असते. म्हणून प्रत्येक निष्कर्ष त्या प्रयोगशाळेच्या स्वतःच्या संदर्भमर्यादेशीच ताडून पाहावा लागतो.

कॉर्टिसॉलची कमतरता, उदाहरणार्थ ॲडिसन रोग, ओळखण्यासाठी सकाळची रक्तचाचणी व एसीटीएच उद्दीपन चाचणी वापरली जाते.

इतर संप्रेरके

इन्सुलिनसारखी प्रथिन संप्रेरके रक्तातून लाळेत मुक्तपणे उतरत नाहीत. अवटू ग्रंथीच्या संप्रेरकांचा जवळजवळ सर्व भाग प्रथिनांशी बांधलेला असतो; त्यांच्यासाठीही रक्तचाचणीच केली जाते. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडिओल व प्रोजेस्टेरॉन लाळेत मोजता येतात. मात्र त्यांचे प्रमाण फार कमी असल्याने हिरड्यांतील किंचित रक्तानेही निष्कर्ष फसवा होऊ शकतो. प्रोजेस्टेरॉनचे मलम त्वचेवर लावल्यानंतर लाळेतील पातळी रक्ताच्या तुलनेत कितीतरी अधिक आढळते.

वाद

अनेक संप्रेरकांचे एकत्रित संच थेट ग्राहकांना विकले जातात आणि त्यांच्या आधारे ‘ॲड्रेनल फटीग’ असे निदान सुचवले जाते. एंडोक्राइन सोसायटीच्या मते या अवस्थेला शास्त्रीय पुरावा नाही. रजोनिवृत्तीतील संप्रेरक उपचारांची मात्रा लाळचाचणीवरून ठरवण्यासही अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना शिफारस करत नाही. अशा अहवालावरून गरज नसताना दीर्घकाळ हायड्रोकॉर्टिसोन घेतल्यास शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलनिर्मिती मंदावते आणि औषध अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकते. शिवाय थकव्यामागील रक्तक्षय, अवटू ग्रंथीचे विकार, नैराश्य वा झोपेचे विकार निदानाविना राहण्याचा धोका असतो.