फिर्यादींनी घडविलेले लोकमत

वर्तमानपत्रांमुळे लोकमत घडते हे विधान आता इतके रूढ झाले आहे की, ते नेमके कसे घडते याची चौकशी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. या चौकशीस ‘केसरी’च्या पहिल्या अठ्ठावीस वर्षांचा इतिहास फार उपयोगी पडतो, आणि तो बारकाईने पाहणाऱ्यास असे वाटल्यावाचून राहत नाही की, या पत्रामागे लोकांस उभे करण्याचे काम संपादकांच्या लेखणीने जितके केले, तितकेच ते पत्र नमविण्यासाठी उभ्या केलेल्या खटल्यांनीही केले.

मराठीत वृत्तपत्रे पूर्वीही होती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ साली. पण त्यांचा वाचकवर्ग बहुधा सुशिक्षितांचाच होता. ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात आगरकरांच्या संपादकत्वाखाली ‘केसरी’ निघाला आणि लगेच कोल्हापूरच्या प्रकरणात अडकला. तेथील तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याचा आरोप कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर करण्यात आला, बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद गुदरली, आणि ज्या पत्रांवर हा सारा डोलारा उभा होता ती बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची सजा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांचे १०१ दिवस गेले.

आता मौज पाहा. पुरावा खोटा ठरला होता, माफीही मागितली गेली होती; एखाद्या पेढीची पत एवढ्याने कायमची बुडाली असती. येथे मात्र २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले ते लोकांच्या जयघोषात! बातमी खरी की खोटी, हा प्रश्न लोकांच्या लेखी गौण ठरला होता. छत्रपतींच्या गादीसाठी दोन तरुण पदवीधर तुरुंगात गेले, एवढेच त्यांच्या ध्यानात राहिले. विशेष हे की, या दोघांना जामीन मिळाला तो जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींतील रामशेठ उरवणे यांच्यामुळे. ज्या पक्षाशी ‘केसरी’चे पुढे वितुष्ट आले, त्या पक्षाचे हे ऋण त्या पत्राच्या चरित्रकारांनी जरा हात आखडूनच नोंदले आहे, असे माझे मत आहे.

१८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमाने पुणे संत्रस्त झाले असता, १५ जूनच्या अंकात ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता प्रसिद्ध झाली. अवघ्या आठवड्याने त्या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, आणि सरकारने आता ‘केसरी’चे संपादक असलेल्या टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी त्यांस दोषी व तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष ठरविले. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अठरा महिन्यांची शिक्षा फर्मावली. सहा विरुद्ध तीन ही विभागणीच लोकांना कोणत्याही अग्रलेखाहून अधिक काही सांगून गेली.

१९०८ साली ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून पुन्हा खटला झाला. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली, आणि दुसऱ्या दिवसापासून मुंबईतील गिरण्या बंद पडू लागल्या. सहा दिवस संप चालला. या संपकऱ्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. परंतु खोलीत किंवा गावच्या चावडीवर एकाने अंक मोठ्याने वाचावा, दहाजणांनी ऐकावा, मध्येच कोणी ‘म्हणजे काय हो?’ म्हणून विचारावे आणि वाचणाऱ्याने आपल्या मगदुराप्रमाणे उलगडा करावा, अशी जी वहिवाट पडली होती, तिच्यामुळे अक्षरशत्रूही ‘केसरी’च्या मताचा धनी होत असे. छापलेला मजकूर पुण्याचा असे, भाष्य मात्र त्या त्या वस्तीचे. खपाच्या आकड्यांवरून पत्राचे वजन ठरविणाऱ्या हिशेबनिसाला हे भाष्य कोठल्या रकान्यात मांडावे, हे कधीच उमगले नाही.

तथापि या लोकमतात सारे लोक होते असे समजणे बरोबर नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या द्रव्यसाहाय्याने डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा रोख पैसे देऊ केले असताही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला.